स्तोत्रांतले बंडखोर बहुतेक वेळा गादीवर बसलेले असतात

बंड हा शब्द मराठी कानाला कधी फारसा वाईट लागलेला नाही. १८५७ चं बंड, उमाजी नाइकांचं बंड, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड. आपल्याकडे बंड करणारा आपला माणूस असतो आणि ज्याच्याविरुद्ध ते झालं तो परका. त्यामुळे बायबलमधली स्तोत्रं वाचायला घेतली आणि दुसऱ्याच स्तोत्रात पृथ्वीवरचे राजे देवाविरुद्ध उठलेले दिसले, की आपली सहानुभूती आपसूक त्या राजांकडे जाते. बिचारे कुणाचं तरी जोखड झुगारताहेत, त्यात चूक काय? वर बसलेला जो कोणी आहे तो हुकूमशहाच असणार, असं आपण धरून चालतो.

शंका रास्त आहे. पण ती मनात ठेवून पुढची स्तोत्रं वाचत गेलं की एक गोष्ट ध्यानात येते. इथे बंडखोर म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलंय तो सहसा दबलेला, नाडलेला माणूस नसतो. त्याच्याकडे घोडे असतात, दरबार असतो, न्याय फिरवण्याची ताकद असते. नाडलेला माणूसही स्तोत्रांत आहे, पण तो फिर्यादी म्हणून उभा असतो.

आधी पुस्तकाची थोडी ओळख. हिब्रूत याला तेहिल्लीम म्हणतात, मराठी बायबलमध्ये स्तोत्रसंहिता. एकूण १५० स्तोत्रं, पाच भागांत लावलेली. त्यांतली काही यरुशलेमचं पहिलं मंदिर उभं होतं तेव्हाची, काही इ.स.पू. ५८७-५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने ते मंदिर जाळल्यानंतरची. अनेक स्तोत्रांच्या माथ्यावर दावीद राजाचं नाव आहे, पण ती सगळी त्याच्याच हातची, असं आज फारसे अभ्यासक मानत नाहीत. मराठीला हे पुस्तक नवखं नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी कोकण-मुंबईतल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या होत्या. इथे ज्या ओळी देतोय त्या मात्र कुठल्याही छापील भाषांतरातल्या नाहीत; अर्थ पोचावा म्हणून मीच सोप्या मराठीत मांडल्या आहेत.

जू, जोती आणि खलबतं

दुसरं स्तोत्र फक्त बारा ओव्यांचं आहे, पण त्याची रचना नाटकासारखी आहे. पडदा उघडतो तो गोंधळावरच. राष्ट्रं का खवळली आहेत? लोक हे फुकाचे बेत का करताहेत? पृथ्वीचे राजे पवित्रा घेऊन उभे आहेत, सरदार एकत्र बसून खलबतं करताहेत, परमेश्वराविरुद्ध आणि त्याच्या अभिषिक्ताविरुद्ध, म्हणजे त्याने अभिषेक करून नेमलेल्या राजाविरुद्ध. मग त्या राजांचं स्वतःचं वाक्य येतं: "चला, त्यांची बंधनं तोडून टाकू, त्यांचे दोर फेकून देऊ."

ही बंधनं म्हणजे तुरुंगातल्या बेड्या असतीलच असं नाही. बैलाच्या मानेवर जू बांधतात ती जोती डोळ्यांपुढे आणली तर चित्र नीट लागतं. त्या काळच्या पश्चिम आशियात 'जू' ही राजकारणातली रोजची भाषा होती. मोठा सम्राट लहान राजाला मांडलिक करून घ्यायचा. लहान राजा खंडणी भरायचा, देवांची नावं घेऊन शपथ वाहायचा, आणि कुठे कट शिजतोय असं कानावर आलं तर वर कळवायला बांधलेला असायचा. इ.स.पू. ६७२ मध्ये अश्शूरचा (असीरियाचा) सम्राट एसरहद्दोन याने आपल्या मांडलिकांकडून असा करार करून घेतला होता. विषय एकच: माझ्यामागे माझा मुलगा गादीवर येईल, तेव्हा गडबड करू नका. ज्या मातीच्या पाट्यांवर तो लिहिला त्या उत्खननात सापडल्या आहेत.

गडबड व्हायची ती नेमकी गादी बदलताना. इ.स.पू. ७०५ मध्ये अश्शूरचा राजा सार्गोन दुसरा रणांगणावर मारला गेला, आणि लगेच ठिकठिकाणच्या मांडलिकांनी खंडणी थांबवली. त्यांत यहूदाचा, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या छोट्या राज्याचा, राजा हिज्कीयाही होता. सार्गोनचा मुलगा सन्हेरीब इ.स.पू. ७०१ मध्ये चालून आला, यहूदाची ४६ तटबंदीची गावं घेतल्याचं त्याने स्वतः लिहून ठेवलं, आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याची फुशारकीही मारली. यरुशलेम पडलं मात्र नाही.

म्हणजे दुसऱ्या स्तोत्रातला प्रसंग त्या काळच्या कुठल्याही माणसाला ओळखीचा होता. नवा राजा गादीवर बसलाय, आणि सगळे मांडलिक एकमेकांकडे दूत पाठवताहेत. फरक एवढाच की इथे सम्राट म्हणजे स्वर्गातला देव, त्याचा नुकताच अभिषेक झालेला राजा सियोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, डोंगरावर, आणि मांडलिक म्हणजे सगळं जग.

वाचणाऱ्याला इथे हसू यायला हवं. यहूदा हे केवढंसं राज्य! आधी अश्शूरला, मग बाबेलला खंडणी भरणारं, दोन महासत्तांच्या वाटेवर चिरडलं जाणारं. त्याच्या राजाला देव म्हणतो, "तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला. माग, म्हणजे राष्ट्रं तुला वतन म्हणून देतो. लोखंडी दंडाने तू त्यांना फोडशील, कुंभाराच्या मडक्यासारखे त्यांचे तुकडे करशील." मडकं फोडण्याच्या या चित्रामागे जुना प्रघात असावा. इजिप्तमध्ये शत्रूंची आणि संभाव्य बंडखोरांची नावं भांड्यांवर लिहून ती भांडी मंत्र म्हणत फोडत. इ.स.पू. १९०० ते १८०० च्या आसपासच्या अशा खापरांवर कनानमधल्या गावांची नावं मिळाली आहेत, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांत यरुशलेमही आहे. ज्या गावाच्या नावाचं मडकं कधीकाळी फुटलं होतं, त्याच गावाचा कवी पुढे हे लिहितो.

राजांच्या खलबतावर देवाची पहिली प्रतिक्रिया काय? तो हसतो. रागावतो नंतर, आधी हसतो. सगळ्या स्तोत्रसंहितेत देव हसल्याचे उल्लेख मोजकेच, ३७ व्या आणि ५९ व्या स्तोत्रात आणखी दोन, आणि तिन्ही वेळा तो ताकदीच्या माजाला हसलाय. रडणाऱ्या माणसाला एकदाही नाही.

याच प्रसंगाची उलटी बाजू यिर्मयाच्या पुस्तकात, २७ व्या अध्यायात आहे, आणि ती वाचल्याशिवाय दुसरं स्तोत्र पुरतं कळत नाही असं मला वाटतं. साल साधारण इ.स.पू. ५९४-५९३. आता वरचढ बाबेल. अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन इथल्या राजांचे दूत यरुशलेमात यहूदाच्या सिद्कीया राजाकडे जमले आहेत. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचं जू कसं झुगारायचं यावर मसलत चालू आहे. आणि यिर्मया हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, स्वतःच्या मानेवर खरंखुरं लाकडी जू घेऊन त्यांच्यापुढे येतो. दोर बांधलेले, आडवी दांडी घातलेली. सांगणं एकच: वाका. या घडीला बाबेलचं जू देवानेच घातलंय. ते तोडाल तर त्याच्याविरुद्ध जाल. पुढच्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सगळ्यांसमोर ते जू त्याच्या मानेवरून ओढून मोडतो. दोन वर्षांत बाबेलचं जू असंच मोडेल, असं जाहीर करतो. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. मोडलेल्या लाकडी जुवाच्या जागी लोखंडी जू येईल, असं यिर्मयाने त्याला सुनावलं. काही वर्षांनी सिद्कीयाने बंड केलं आणि शहर राख झालं.

दुसऱ्या स्तोत्रात कट करणारे परके राजे होते. इथे कटाची बैठकच यरुशलेमात, आणि दाविदाच्या वंशजाच्या घरी. देवाच्या राज्याविरुद्ध उठणारे म्हणजे आपल्या सीमेपलीकडचे, हे समीकरण बायबल स्वतःच टिकू देत नाही.

राजाविरुद्ध म्हणजे देवाविरुद्ध?

आता खरी अडचण. 'परमेश्वराविरुद्ध आणि त्याच्या अभिषिक्ताविरुद्ध' ही जोडी कुठल्याही राजाच्या फार सोयीची आहे. माझ्यावर टीका म्हणजे देवावर टीका, असं म्हणायला मोकळीक मिळते. ख्रिस्ती युरोपात राजांनी देवदत्त अधिकाराची भाषा मनसोक्त वापरली. आपल्याकडे राजाला विष्णूचा अंश म्हणायचे, त्यातलाच प्रकार.

हिब्रू परंपरेने ही पळवाट बऱ्यापैकी आवळली आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, लोक "इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे" म्हणून हट्ट धरतात, तेव्हा देव त्यांचा पुढारी असलेल्या म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो: त्यांनी तुला नाकारलेलं नाही, मी त्यांच्यावर राज्य करू नये म्हणून मला नाकारलंय. म्हणजे राजा मागणं हेच बंड! आणि मग शमुवेल यादी वाचून दाखवतो. राजा तुमचे मुलगे रथांपुढे पळवील, मुली स्वयंपाकघरात राबवील, चांगली शेतं आणि द्राक्षमळे काढून घेईल, धान्याचा दहावा हिस्सा नेईल. ७२ वं स्तोत्र राजासाठी प्रार्थना आहे खरी, पण त्यात राजाने काय करायचं ते स्पष्ट आहे: गरिबांचा न्याय, गरजवंताच्या लेकरांची सोडवणूक, जुलूम करणाऱ्याचा चुराडा. १४६ वं तर सरळ सांगतं की अधिपतींवर भरवसा ठेवू नका. त्यांचा श्वास जातो, ते मातीत परत जातात आणि त्याच दिवशी त्यांचे बेत संपतात.

'अभिषिक्त' कोण, यावर ज्यू आणि ख्रिस्ती वाचन वेगळं होतं. अकराव्या शतकातला फ्रान्सचा ज्यू भाष्यकार राशी लिहितो की आमच्या गुरूंनी हे मसीहाबद्दल, म्हणजे येणाऱ्या तारणकर्त्या राजाबद्दल, सांगितलं, पण साध्या अर्थाने घेतलं तर हे दाविदाबद्दल आहे. तो राजा झाल्याचं ऐकून शेजारचे शत्रू पलिष्टी चालून आले तेव्हाचं. ख्रिस्ती वाचन नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या चौथ्या अध्यायात दिसतं. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान अटकेतून सुटून येतात, मंडळी दुसऱ्या स्तोत्राच्या ओळी म्हणून प्रार्थना करते आणि बंडखोरांची नावं भरते: हेरोद राजा, रोमी सुभेदार पंतय पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएलचे लोक. हे शेवटचं नाव घेणारे स्वतः इस्राएली होते. दुर्दैवाने पुढच्या शतकांत ख्रिस्ती सत्ता आल्यावर ते आपल्या तोंडचं नाव राहिलं नाही, दुसऱ्यांकडे दाखवायचं बोट झालं, आणि त्याची किंमत युरोपातल्या ज्यूंनी मोजली.

गावातला बंडखोर

परके राजे बाजूला ठेवले की स्तोत्रांत दुसऱ्या प्रकारचा बंडखोर भेटतो, आणि तो जास्त ओळखीचा आहे. तो देवाविरुद्ध घोषणा देत नाही. दहाव्या स्तोत्रात तो वस्तीजवळ दबा धरून बसलेला असतो, झाडीतल्या सिंहासारखा, गरिबाला जाळ्यात ओढायला. मनात म्हणतो, "देव विसरलाय. त्याने तोंड फिरवलंय." बाराव्यात तो जिभेचा पक्का आहे: "आमच्या जिभेच्या जोरावर आम्ही जिंकू. आमचा धनी कोण?" ७३ व्यात तो गुबगुबीत आहे, गर्व त्याने गळ्यात हारासारखा घातलाय, आणि प्रश्न विचारतो, "देवाला कसं कळणार?"

सगळ्यांत गाजलेली ओळ १४ व्या स्तोत्राची. मूर्ख आपल्या मनात म्हणतो, देव नाही. ही ओळ नास्तिकांच्या तोंडावर फेकायची सवय अनेक प्रवचनकारांना आहे, आणि मला ती ओळीवर अन्याय करणारी वाटते. तीन ओव्या पुढे वाचलं की हा मूर्ख काय करतो ते कळतं: "भाकर खावी तसे ते माझे लोक खातात." देव आहे की नाही यावर तो ग्रंथ लिहीत बसलेला नाही. उद्या कुणी जाब विचारणार नाही, एवढंच त्याने गृहीत धरलंय. तोंडाने तो मंदिरात आमेनही म्हणत असेल.

ही माणसं कधीकधी कायदाही करतात. ९४ वं स्तोत्र विधवा, परदेशी आणि पोरके यांचे खून पाडणाऱ्यांबद्दल आहे, तेही म्हणतात, "परमेश्वर बघत नाही." कवी त्यांना विचारतो: ज्याने कान बसवला तो ऐकणार नाही? ज्याने डोळा घडवला तो बघणार नाही? आणि मग विसाव्या ओवीत असा सवाल की आजच्या वर्तमानपत्रात छापला तरी खपेल: कायद्याच्या आधाराने अनर्थ रचणारं सिंहासन तुझ्या संगतीला बसू शकेल का? इथे बंडखोर अक्षरशः गादीवर आहे. ज्या गरिबाला त्याच्या हुकमाची झळ बसते तो खाली उभा राहून वरच्या कोर्टात अर्ज करतोय.

८२ वं स्तोत्र तर याच्याही वर जातं. देव दैवी सभेत उभा राहतो आणि तिथल्या 'देवांना' झापतो: किती दिवस अन्यायाने निवाडा करणार? दुबळ्याचा, पोरक्याचा न्याय करा. मग शिक्षा ऐकवतो: तुम्ही देव आहात असं मी म्हटलं होतं, पण तुम्ही माणसांसारखे मराल. हे 'देव' म्हणजे इतर राष्ट्रांची दैवतं की माणसांतले न्यायाधीश, यावर वाद जुना आहे. आरोपपत्र दोन्ही वाचनांत तेच राहतं. अधिकार दिला होता दुबळ्यासाठी, वापरला त्याच्याविरुद्ध.

घरचे

इथपर्यंत वाचणारा आरामात असतो. वाईट माणसं दुसरीच कुणीतरी आहेत. ९५ वं स्तोत्र हा आराम मोडतं, आणि तेही उत्सवाच्या ऐन मध्यात. सुरुवात कशी? या, परमेश्वराचा जयजयकार करू, आपल्या तारणाच्या खडकाला साद घालू. समुद्र त्याचा, कोरडी जमीन त्याची. या, गुडघे टेकू. आपण त्याच्या कुरणातली माणसं. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमांपासून ख्रिस्ती मठांत रोजच्या उपासनेच्या आरंभी हे म्हटलं जातं. अनेक ज्यू समाजांत शब्बाथाचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतिदिवसाचं, स्वागत याच्यापासून होतं. सातव्या ओवीच्या मध्यावर सूर तुटतो. आज तुम्ही त्याचा आवाज ऐकाल तर! मरीबात केलंत तशी मनं घट्ट करू नका, मस्साच्या दिवशी रानात केलंत तशी. आता बोलणारा गायक नाही, देव आहे: चाळीस वर्षं मला या पिढीचा वीट आला होता; मी रागाने शपथ वाहिली की हे माझ्या विसाव्यात येणार नाहीत. संपलं. परत स्तुती नाही, आमेन नाही. गाणं तिथेच थांबतं.

मरीबा आणि मस्सा ही रानातली ठिकाणं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना पाणी मिळत नाही. तहान खोटी नव्हती, आणि पाणी मागणं हा गुन्हाही नव्हता. ते आपला पुढारी मोशे याला धोंडे मारायच्या बेतात येतात आणि विचारतात, "परमेश्वर आमच्यात आहे की नाही?" समुद्र ओलांडून आलेली माणसं हे विचारताहेत. स्तोत्राला खुपतं ते हे.

याच इतिहासाचं मोठं वाचन ७८ व्या आणि १०६ व्या स्तोत्रांत आहे. ७८ वं लांबलचक, आणि त्याला राजकारणाचा वास आहे: शेवटी देवाने योसेफाचा तंबू नाकारला आणि यहूदाचा वंश निवडला, असं ते सांगतं. दक्षिणेतल्या कवीने उत्तरेतल्या भावकीला ऐकवलेलं आहे ते. १०६ वं अधिक प्रामाणिक वाटतं. त्याची गंमत शेजारच्या १०५ व्याबरोबर वाचली तरच कळते. १०५ मध्येही अब्राहामापासून कनानपर्यंतचा तोच इतिहास आहे, पण त्यात लोकांची एकही चूक नाही. लोकांनी मागितलं, देवाने लावे पक्षी आणले. खडक फोडला, पाणी वाहिलं. पान उलटलं की १०६ वं तीच कहाणी लोक कसे वागले त्या बाजूने सांगतं, आणि सुरुवातीलाच म्हणतं, "आमच्या पूर्वजांप्रमाणे आम्हीही पाप केलं." तांबड्या समुद्रापाशी बंड. छावणीत मोशेचा हेवा. होरेब डोंगरापाशी सोन्याचं वासरू ओतून त्याची पूजा. आपलं वैभव त्यांनी 'गवत खाणाऱ्या बैलाच्या चित्राशी' अदलाबदल केलं, असा टोमणा. मग बाल-पौर या परक्या दैवताची पूजा, मग मरीबा, मग कनानमध्ये पोटच्या मुलामुलींचे बळी. संपादकाने ही दोन गाणी शेजारी ठेवली आणि दोन्ही ठेवली. आपल्याच राष्ट्राचा गौरवग्रंथ संपादताना असं करायला जिगर लागते.

शिक्षेचं काय? दुसऱ्या स्तोत्रात लोखंडी दंड होता. ८१ व्यात देव स्वतःच्या लोकांशी बोलतो तेव्हा दंडाचा मागमूस नाही. "तोंड उघड, मोठं उघड, मी भरवतो," असं तो म्हणतो. लोक ऐकत नाहीत. मग? "म्हणून मी त्यांना त्यांच्या मनाच्या हट्टावर सोडून दिलं." वीज नाही, भूकंप नाही. हवं ते करा, एवढंच. मला स्तोत्रसंहितेतलं हे सर्वांत भयंकर वाक्य वाटतं.

राजाही आरोपी

हिब्रूत पापासाठी अनेक शब्द आहेत. त्यांतला 'पेशा' हा मुळात राजकारणातला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात, अहाब राजा मेल्यावर मवाबने इस्राएलविरुद्ध जे केलं, त्याला हाच शब्द आहे. बंड. आणि त्या बंडाची दुसरी बाजूही आपल्याकडे दगडावर कोरलेली आहे: मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख, १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे सापडलेला, सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. मेशा म्हणतो, आमचा देव कमोश आमच्या भूमीवर रागावला होता म्हणून इस्राएलने आम्हाला छळलं. आता त्याने सुटका केली. त्याच्या लेखी ते बंड नव्हतंच.

हाच राजकीय शब्द ५१ वं स्तोत्र राजाच्या तोंडी घालतं. माथ्यावर नोंद आहे की बथशेबाच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हाचं हे. प्रकरण माहीत असेलच: सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसलंय, राजा घरी, त्याने उरीया हित्ती या आपल्याच सैनिकाची बायको बथशेबा आणवली, ती गरोदर राहिली, आणि मग उरीयाला त्याच्याच हाती चिठ्ठी देऊन लढाईच्या तोंडावर मरायला पाठवलं. स्तोत्रात राजा म्हणतो, माझी बंडं मला ठाऊक आहेत. पुढची ओळ मात्र वाचणाऱ्याला चटका लावते: "तुझ्याविरुद्ध, फक्त तुझ्याविरुद्ध मी पाप केलंय." फक्त? आणि उरीया?

याचं एक जुनं उत्तर असं की राजावर खटला भरेल असं न्यायालयच नव्हतं. तक्रार न्यायची तर राजाकडेच, आणि राजाच गुन्हेगार. ज्याच्यावर कुणी नाही त्याने 'माझ्यावर तू आहेस' असं म्हणणं म्हणजे गादीवरून उतरून आरोपीच्या जागी उभं राहणं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. उरीयाचं नाव स्तोत्रात एकदाही यायला नको होतं का? माथ्यावरही बथशेबाचं नाव आहे, त्याचं नाही. शेवटच्या ओव्यांत यरुशलेमचे कोट बांधण्याची विनवणी आहे, त्यामुळे अनेक अभ्यासक हे स्तोत्र, निदान त्याचा शेवट, शहर पडल्यानंतरच्या काळातला धरतात. तसं असेल तर कोट पाडून घेतलेल्या लोकांनी आपला पश्चात्ताप आपल्या सर्वांत मोठ्या राजाच्या तोंडून म्हटला.

बंडाला माफी आहे का? ३२ वं स्तोत्र म्हणतं, ज्याचं बंड माफ झालं तो सुखी. १०३ वं अंतर सांगतं: पूर्वेपासून पश्चिम जेवढी दूर, तेवढी त्याने आमची बंडं आमच्यापासून दूर केली. मांडलिकांच्या करारात असली सवलत सहसा नसायची. तिथे शापांचीच यादी लांब असायची. परक्या राजांचीही सोय पुस्तकाच्या अखेरीस लागते. १४८ व्या स्तोत्रात स्तुती करायला सगळ्या सृष्टीला बोलावलंय: समुद्रातले अजस्र प्राणी, आग आणि गारा, फळझाडं, गुरं, सरपटणारे जीव, पाखरं, आणि मग त्याच रांगेत 'पृथ्वीचे राजे'. त्यांच्यामागे पोरं आणि म्हातारे. पुढच्याच, १४९ व्यात राजांना साखळदंड घालायची भाषा परत येते, हेही सांगायला हवं. हे पुस्तक एका सुरात बोलत नाही.

मग देवाशी भांडणं हे बंड आहे का? बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. स्तोत्रांत देवाला थेट ऐकवणाऱ्या ओळी बंडखोरांच्या नाहीत, भक्तांच्या आहेत. बंडखोर देवाशी बोलतच नाही. तो मनात बोलतो, नाहीतर आपसांत खलबत करतो. भक्त तोंडावर बोलतो. विठोबाला शिव्या घालणारी जनाबाई ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ८९ वं स्तोत्र दुसऱ्या स्तोत्रातलं वचनच देवापुढे ठेवतं: तू दाविदाला शपथ दिली होतीस, त्याची गादी आकाशाच्या दिवसांइतकी टिकेल म्हणून, आता तूच त्याचा मुकुट धुळीत लोळवलास, करार धुडकावलास. किती दिवस? आरोप करार मोडल्याचा आहे आणि तो मांडलिकाने सम्राटावर केलाय.

४४ वं त्याच्याही पुढे जातं. ते म्हणतं, आम्ही तुला विसरलो नाही, कराराशी बेइमानी केली नाही, तरी तू आम्हाला कापायच्या मेंढरांसारखं केलंस. आणि मग: "जागा हो! प्रभू, का झोपलायस?" जाळलेलं मंदिर पुन्हा बांधल्यावर, म्हणजे दुसऱ्या मंदिराच्या काळात, तिथे सेवा करणारे लेवी लोक ही ओळ रोज मोठ्याने म्हणायचे, त्यांना 'जागवणारे' असं नावच पडलं होतं. तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो की मुख्य याजक योहानान याने ही प्रथा बंद केली. देव कधी झोपतो का, असं त्याचं म्हणणं. १२१ व्या स्तोत्रात तसं लिहिलेलंही आहे: इस्राएलचा राखणदार डुलकी घेत नाही, झोपत नाही. पण ४४ व्यातली ती ओळ पुस्तकातून काढावी, असं त्यालाही वाटलेलं दिसत नाही.